कुऱ्हाड, घागर आणि चेलोवादक

२५ ऑगस्ट १३९५ या दिवशी पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव याने लिस्बन शहरासाठी एक आज्ञापत्र काढले. पोर्तुगीज गलबते मांडवीच्या मुखाशी यायला तेव्हा अजून शंभराहून अधिक वर्षे अवकाश होता आणि आमचे सर्वण, आमची डिचोली, आमचे पेडणे त्या सत्तेखाली जायला तर जवळजवळ चार शतके. पुढे लिस्बनहून गोव्यासाठी जी फर्माने सुटली त्यांचा जाच आपल्या पूर्वजांनी सोसला. म्हणूनच असेल कदाचित, त्या शहराच्या जुन्या कागदांकडे आपण रसिकाच्या नजरेने सहसा पाहत नाही. पण हे एक पत्र हातात घेऊन उजेडात धरावे आणि सावकाश वाचावे असे आहे. त्याचा विषय आहे आग, आणि त्यातले मागणे अगदी साधे आहे. आग लागलीच तर शहरातल्या सगळ्या सुतारांनी आणि गलबतांच्या फळ्यांमधल्या चिरा बुजवणाऱ्या कारागिरांनी आपापली कुऱ्हाड घेऊन त्या जागी यावे. आगीकडे धावून येणाऱ्या बायकांनी आपापली घागर नाहीतर मडके बरोबर आणावे. आणि दवंडी देणाऱ्यांनी रोज रात्री शहरभर हिंडून लोकांना घरातला विस्तव सांभाळायला सांगावे. अग्निशमन दलांच्या जन्मकथा जगात पुष्कळ आहेत. मला त्यांत ही सर्वांत देखणी वाटते, आणि तिचे देखणेपण एकेका तपशिलात कसे भरले आहे ते आपण जरा निवांतपणे पाहू.

पहिला तपशील अगदी इवलासा आहे, घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटेल असा. आग लागलीच तर, असे लिहिता लिहिता लेखनिकाने मध्येच, देवाने तसे न करो, अशा अर्थाचे शब्द घातले आहेत. राजाज्ञेची भाषा एरवी ताठ असते. तिला मान वाकवणे ठाऊक नसते. त्या ताठ वाक्याच्या ऐन मध्यावर ही प्रार्थना अशी येते, की क्षणभर सिंहासन बाजूला सरते आणि चुलीपाशी बसलेली एखादी आजी बोलू लागते. आपल्याकडे वाईट गोष्टीचे नाव घेताना म्हातारी माणसे 'देव न करो' म्हणून थांबतात, मग पुढचे वाक्य उच्चारतात; तोच थांबा इथे आहे. ज्या राजाने दहाच वर्षांपूर्वी अल्जुबारोताच्या रणांगणावर कास्तिलच्या मोठ्या सैन्याला धूळ चारली होती, त्याच्या आज्ञेत आगीपुढे हा संकोच दिसावा, यात मला त्या माणसाचा मोठेपणा दिसतो. शत्रूशी लढता येते, हे तो जाणत होता. लाकडी छपरांच्या दाटीत वाऱ्यावर स्वार झालेल्या ज्वाळेशी कसे लढायचे, हे मात्र त्याला आपल्या रयतेलाच विचारावे लागले, आणि त्याने ते विचारले कुणाला, तर सुताराला आणि पाणी भरणाऱ्या बाईला.

आता ती कुऱ्हाड पाहू. आग म्हटली की आपल्या मनात आधी पाणी येते. या पत्रात आधी कुऱ्हाड येते आणि पाणी मागून. हा क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. मध्ययुगीन लिस्बनच्या चढउताराच्या अरुंद गल्ल्यांत घराला घर खेटून उभे होते, तुळईला तुळई भिडलेली होती, आणि पेटलेल्या घरावर चार घागरी ओतून काही साधत नसे. पेटलेले घर गेलेच असे धरून त्याच्या पुढचे घर वाचवायचे, म्हणजे मधला दुवा तोडायचा, ज्वाळेला पुढे पाऊल टाकायला लाकूडच उरू द्यायचे नाही, ही त्या काळाची युद्धनीती होती. आणि तो दुवा कोणता, हे सुतारावाचून कुणाला कळणार? कोणती तुळई तोडली की छप्पर आत कोसळेल आणि कोणती तोडली तर ते शेजाऱ्याच्या अंगावर जाईल, हे ज्याने ते छप्पर चढवले त्यालाच ठाऊक. उभ्या आयुष्यात ज्या हातांनी घरे बांधली, त्याच हातांना संकटाच्या रात्री घर पाडण्याचा अधिकार दिला गेला. आणि घर पाडताना त्या सुताराच्या मनात काय होत असेल, याचा विचार आपण थोडा वेळ करावा. गलबतांच्या कारागिरांना बोलावण्यातही तीच पारख आहे. तेजो नदीच्या काठी जहाजांच्या सांगाड्यांवर उंच चढून, तोल सावरत काम करायची त्यांना सवय. डांबर आणि विस्तव ही तर त्यांच्या रोजच्या कामाची सामग्री. विस्तवाशी ज्याचे नित्याचे घरगुती नाते आहे तो विस्तवाला बुजत नाही.

या कुऱ्हाडीची ओळख आपल्याला, डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांना, पटकन पटते. आमच्या डिचोली-सत्तरीच्या बाजूला वणव्याशी झुंजताना पाण्याचा विचार कुणी करत नाही. डोंगराच्या माथ्यावर पाणी न्यायचे कुठून? तिथे कोयता चालतो. आग ज्या दिशेने येते आहे तिच्या पुढे जाऊन गवत कापायचे, पाचोळा ओढून काढायचा, उघड्या लाल मातीचा एक पट्टा तयार करायचा, आणि तरीही जी जीभ पलीकडे येईल तिला ओल्या टहाळ्यांनी झोडपून विझवायचे. या पट्ट्याला वनखाते जाळरेषा म्हणते. काजूच्या बागाईतदाराला हे कुणी शिकवलेले नसते. वाडवडिलांच्या मागे डोंगर चढता चढता ते त्याच्या अंगात मुरलेले असते. लिस्बनचा सुतार आणि आमचा बागाईतदार यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते, पण दोघांनी आगीपुढे केलेला हिशेब एकच आहे.

मग येते घागर, आणि माझ्या लेखी हे पत्राचे हृदय आहे. पुन्हा एकदा त्या वाक्याच्या ठेवणीकडे लक्ष द्यावे. सुतारांनी यावे, असे राजा सांगतो. बायकांनी यावे, असे तो सांगतच नाही! ज्या बायका धावून येतील त्यांनी आपली घागर आणावी, एवढेच तो म्हणतो. त्या येणारच, हे त्याने गृहीत धरलेले आहे. कारण त्या नेहमीच येत आल्या असल्या पाहिजेत. शेजारच्या घरातून धूर निघाला की हातातले काम टाकून धावणारी बाई ही राजाज्ञेच्या आधीपासून अस्तित्वात आहे, आज्ञेने फक्त तिच्या हातात रिकामेपण राहू नये एवढे पाहिले. स्वयंसेवक या कल्पनेचे बीज मला या ओळीत दिसते. नेमणूक झालेल्या माणसाला बोलवावे लागते. स्वयंसेवक आधी येतो आणि नियम त्याच्या मागून धापा टाकत येतात.

आणि घागर कुणाची, तर तिची स्वतःची. सरकारी कोठारातली नव्हे, तिच्या रोजच्या पाण्याची, कदाचित तिच्या घरातली एकुलती एक. आल्फामा भागातल्या राजाच्या कारंज्यावरून पाणी भरून चढणीच्या पायऱ्या रोज चढणारी ती बाई डोळ्यांसमोर आणावी. भरलेल्या घागरीचे वजन काय असते, ते कमरेवर कसे तोलायचे, वळणावर हिसका कसा सांभाळायचा, हे तिच्या शरीराला पाठ आहे. मातीचे मडके गर्दीत आपटून फुटले तर दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची पंचाईत तिचीच होणार, तरीही ते ती आगीपाशी नेते. आपल्या गोव्यात विहिरीवरून कळशी-घागर आणणाऱ्या बायकांच्या पिढ्यान् पिढ्या झाल्या. गोठ्याच्या नाहीतर मांगराच्या झापांनी पेट घेतला की विहिरीपासून त्या गोठ्यापर्यंत हातोहात कळशा सरकवणारी रांग कशी आपोआप उभी राहते हे गावात वाढलेल्या माणसाला निराळे सांगायला नको. त्या रांगेला कुणी मुकादम नसतो. दोन माणसांमधले अंतर हाताच्या लांबीने ठरते, आणि वेग सर्वांत थकलेल्या हाताच्या वेगाने.

दवंडीवाल्याबद्दल फार लिहीत नाही, पण त्याच्याजवळून मुकाट पुढे जाववत नाही. रात्र पडली आहे, चुली विझत आल्या आहेत, आणि अंधाऱ्या गल्लीतून एक माणूस ओरडत चालला आहे की आपापल्या घरातला विस्तव राखा. आग विझवण्याच्या पत्रात आग लागू न देण्याची काळजीही आहे, आणि ती काळजी एका माणसाच्या घशावर, रोज रात्री, सोपवलेली आहे.

पुढच्या शतकांतून आपण भरभर चालू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनने हॉलंडहून पाण्याचे पंप आणि चामड्याच्या बादल्या मागवल्या. हॉलंडहूनच का, याला एक रम्य कारण आहे. ॲमस्टरडॅमचा यान व्हान डेर हायडेन हा शहरचित्रे रंगवणारा चित्रकार, भिंतीतली वीट न् वीट निराळी दाखवणारा. त्याने १६७२ च्या सुमारास आपल्या भावाबरोबर चामड्याची शिवलेली लवचिक नळी पंपाला जोडली आणि पाण्याची धार प्रथमच आगीच्या गाभ्यापर्यंत नेता आली. ज्याने घरांवर एवढे प्रेम केले, त्याला ती जळताना पाहवली नसतील, असे मी समजतो. लिस्बनमध्ये पाणी विकत हिंडणाऱ्या गालिसियाच्या पाणक्यांवरही आगीच्या वेळी आपली पिंपे घेऊन धावण्याची जबाबदारी आली. चर्चच्या घंटा आगीची वर्दी देऊ लागल्या आणि टोल मोजून लोक आग कोणत्या भागात आहे ते ओळखू लागले. मध्ये १ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप येऊन गेला. सर्व संतांचा सण, देवळांत मेणबत्त्या, घरांत चुली पेटलेल्या, आणि त्या सगळ्या एकाच वेळी उलथल्या. शहर पुढे कित्येक दिवस जळत राहिले. त्या आगीपुढे कुऱ्हाड आणि घागर दोन्ही हरल्या, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

आणि आता १८६८ चा ऑक्टोबर महिना. रोसियु या लिस्बनच्या गजबजलेल्या चौकात आझेवेदो यांचे औषधाचे दुकान होते. औषधाचे दुकान म्हणजे त्या काळी नुसती गोळ्या-काढ्यांची जागा नसे. मित्रमंडळी संध्याकाळी तिथे जमत, वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर बोलत, नाटक-संगीतावर वाद घालत. अशा एका बैठकीतून १८ ऑक्टोबर रोजी लिस्बनची स्वयंसेवक अग्निशमन कंपनी जन्माला आली, पोर्तुगालमधली अशी पहिली. तिचा प्रवर्तक होता गिल्येर्मे कॉसुल. सैनिक नाही, अभियंता नाही. कॉसुल चेलो वाजवत असे, संगीतरचना करत असे, संगीतविद्यालयात शिकवत असे. वय चाळीस.

इथे आपण जरा रेंगाळू, कारण ही जोडणी वरवर चमत्कारिक आणि आतून अतिशय सुरेख आहे. त्या काळचा हातपंप डोळ्यांपुढे आणावा. मधोमध पाण्याची टाकी, दोन्ही बाजूंना आडवे लांब दांडे, प्रत्येक दांड्यावर ओळीने माणसे. एका बाजूने दांडा खाली दाबला की दुसरा वर येतो, मग त्या बाजूने दाबायचे, आणि हे न थांबता, न चुकता, अर्धा-अर्धा तास. एकाने जरी घाई केली तरी दांड्याला हिसका बसतो, धार तुटते, नळीच्या टोकाशी ज्वाळेसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातले पाणी लुळे पडते. सगळ्यांच्या खांद्यांत एकच लय भिनल्याशिवाय हे यंत्र चालत नाही. वाद्यवृंदात बसून आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. चेलो हे वाद्यही असे, की बहुतेक वेळा ते खालून आधार देते. पुढे मिरवण्याचे काम व्हायोलिनकडे. आपले असणे इतरांच्या सुराखाली पसरून ठेवायचे आणि इतरांच्या श्वासावर कान ठेवून आपला गज ओढायचा, ही ज्याची साधना, त्याने आगीच्या रात्री माणसे एकत्र बांधावीत, यात मला विलक्षण औचित्य दिसते. गावच्या भजनात ज्याने कधी टाळ धरला आहे, त्याला हे औचित्य अधिक कळेल. लय धरणाऱ्याकडे कुणी पाहत नाही, पण त्याचा हात चुकला की सारे भजन विस्कटते.

या बैठकीतली माणसे दुकानदार, लेखनिक, कलावंत होती. दिवसा आपापला व्यवसाय, आणि घंटा वाजली की धाव. हे वारे पुढे देशभर पसरले. पोर्तो शहरात गिल्येर्मे गोमेश फर्नांदेश या दुसऱ्या गिल्येर्मेने असेच दल बांधले, आणि १९०० साली पॅरिसजवळच्या व्हांसेनला जगभरची अग्निशमन दले स्पर्धेला जमली तेव्हा त्याच्या नेतृत्वाखालचा पोर्तोचा संघ जिंकला. आजही पोर्तुगालमधले बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवकच आहेत, आणि त्यांच्या कित्येक संघटनांची स्वतःची वाद्यवृंदपथके आहेत. कॉसुलला हे ऐकून समाधान वाटले असते.

लिस्बनच्या या घागरीशेजारी ठेवून पाहावी अशी एक वस्तू मला अमेरिकेत सापडते. बेंजामिन फ्रँकलिनने ७ डिसेंबर १७३६ रोजी फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी स्थापली, तेव्हा प्रत्येक सभासदाने चामडी बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या तयार ठेवायच्या असे ठरले. बादल्या कळतात. पिशव्या कशाला? तर जळत्या घरातले सामान भरून बाहेर काढायला. शेजाऱ्याचे घर जाणार असेल तर निदान त्याचे कपडे, भांडी, कागद राहोत, हा विचार त्या पिशव्यांत दुमडून ठेवला होता. रात्रीची आग असेल तर सभासदांनी आपल्या खिडक्यांत दिवे लावायचे, म्हणजे अंधारात धावणाऱ्यांची गोंधळगर्दी होणार नाही, हाही एक नियम. दूर राहणाऱ्या, धावायला असमर्थ असलेल्या माणसालाही काहीतरी करता यावे, अशी त्यात सोय आहे. सभासदांची संख्या लवकरच तीसपर्यंत गेली, आणि जागा उरली नाही तेव्हा फ्रँकलिनने नव्या इच्छुकांना स्वतःची निराळी कंपनी काढायला सुचवले. सभेला गैरहजर राहणाऱ्यांकडून घेतलेल्या दंडाच्या पैशांतून पंप, शिड्या आणि आकडे आले. तरीही मला त्या पंपापेक्षा पिशवीच अधिक मोलाची वाटते.

आपल्या बाजूला यायचे तर मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेली प्रचंड आग आठवावी लागते. त्या आगीनंतरच मुंबईला अग्निशमनाची व्यवस्था हवी याची जाणीव झाली आणि पुढे शतकभरात ती पगारी दलाच्या रूपाला आली. पगारी म्हणून कुणी तिला स्वयंसेवेहून खालची समजू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारभर मुंबईचे बंबवाले जहाजावर आणि धक्क्यावर उभे राहून पाणी मारत होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. ६६ अग्निशामक गेले. १४ एप्रिल हा दिवस भारतभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. पगार घेणारा माणूसदेखील एका क्षणी पगाराच्या पलीकडे उभा राहतो आणि त्या क्षणी तो आल्फामाच्या चढणीवरच्या बाईचा भाऊ असतो.

आणि गोव्यात? मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांत ठिकठिकाणी वणवे पेटले, तेव्हा वायुदलाच्या आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी लोंबत्या बादल्यांतून पाणी आणून ओतले, हे दृश्य सर्वांनी पाहिले. आकाशातून येणारी ती बादली भव्य होती, आवश्यकही होती. पण तिच्या खाली, जिथे कॅमेरा पोहोचत नव्हता तिथे, वनरक्षक, अग्निशमन दलाचे जवान आणि त्यांच्याबरोबर गावोगावची माणसे पायी डोंगर चढत होती. त्यांच्या हातात काय होते? झाडाचा ओला टहाळा, कोयता आणि पाण्याची बाटली. टहाळ्याने आग विझवणे हे वाटते तितके सोपे नाही. जोराने आपटले तर ठिणग्या उडून मागच्या पाचोळ्यात पडतात. हळू आपटले तर ज्वाळा हसत उभी राहते. पानांचा घोस ज्वाळेच्या मुळाशी दाबून, क्षणभर तिथेच धरून, तिचा श्वास कोंडून मगच उचलायचा असतो. टहाळा करपला की दुसरा तोडायचा. वाऱ्याची दिशा गालावर ओळखायची, आणि पळायची वाट पाठीशी मोकळी ठेवायची. हे सारे कौशल्य कुठल्याही पत्रात लिहिलेले नाही, त्याच्यावर कुणा राजाची मोहोर नाही. ते माणसांच्या मनगटांत आहे, आणि त्या माणसांचे वय आता वाढत चालले आहे.

म्हणून सर्वणपासून सत्तरीपर्यंतच्या माझ्या वाचकांना एक विनंती. काजूचा हंगाम तोंडावर येण्याआधी, गवत पूर्ण वाळण्याआधी, आपापल्या वाड्यावरच्या चार-दोन जाणत्यांबरोबर तरुण पोरांना एकदा डोंगरावर पाठवावे. बागांच्या कडेने जाळरेषा कशी काढतात, टहाळा कसा धरतात, हे त्यांनी हातांनी करून पाहावे. धूर दिसला तर आधी १०१ ला फोन करावा, मग शेजाऱ्याला हाक मारावी, आणि कुणीही एकट्याने वर जाऊ नये.